दोन ठिपक्यांची नळी

आमच्या राजधानीत, याउंदेच्या मोकोलो बाजारात नेलपॉलिश विकणाऱ्या बायका मला एके काळी चांगल्या ओळखायच्या. मी प्रयोगशाळेचा ड्रायव्हर होतो. दोनतीन महिन्यांनी जायचो आणि एका वेळी सात-आठ बाटल्या उचलायचो. लाल, गुलाबी, जांभळी, नारिंगी, आणि दर वेळी एक चंदेरी.

"काय हो दादा, बायका तरी किती आहेत तुम्हाला?" त्या विचारायच्या. शेजारच्या टोमॅटोवालीपर्यंत सगळ्या खिदळायच्या. मी बाटल्या खिशात कोंबून पळ काढायचो.

नेलपॉलिश होतं ओनोरिनसाठी. तेव्हा ती माझी बायको नव्हती, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रक्ताच्या नळ्यांवर कागदी चिठ्ठ्या लावायचे, आणि फ्रीझरमध्ये त्या गळून पडायच्या. शाई पसरायची. वीज गेली की बर्फ वितळायचा, वीज आली की पुन्हा गोठायचा, आणि नंतर उघडून बघावं तर तळाशी चिठ्ठ्यांचा लगदा. ओनोरिनच्या लक्षात आलं की तिच्या नखांवरचा रंग काही हटत नाही. तिने झाकणांवर ठिपके द्यायला सुरुवात केली. एकेका दवाखान्याला एकेक रंग, आणि खाली सुईने कोरलेला आकडा. चाळीस वर्षं होत आली, ते ठिपके अजून आहेत.

ती स्वतः नेलपॉलिश विकत घ्यायला गेली असती तर साहेब म्हणाले असते, ही कामाच्या नावाखाली नखं रंगवते. म्हणून मला पाठवायची. असं आमचं सुरू झालं.

ओनोरिन जाऊन आता वर्ष उलटून गेलंय. रक्तदाब होता. सकाळी कपाटासमोर उभी राहून कोणतं कापड नेसायचं ते ठरवत होती आणि खाली बसली. मला वाटलं, खालच्या कप्प्यातलं शोधतेय. मी कॉफी ओतत राहिलो. एवढंच सांगतो.

गेल्या सप्टेंबरात डॉक्टर अस्माऊचा फोन आला. ही मारुआकडची, उत्तरेची मुलगी. वय पस्तीसच्या आसपास, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. मी निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं तिला इकडेतिकडे नेलं होतं.

"पापा सोस्तेन, एक अडचण आहे," ती म्हणाली. आमच्याकडे वयस्कर माणसाला सगळे पापाच म्हणतात. "माझ्याकडे चौदा खोकी आहेत आणि त्यांच्यावर फक्त नेलपॉलिश आहे. ही भाषा वाचणारं कोणी उरलंय का?"

"वाचणारी गेली," मी म्हटलं. "बाटल्या आणून देणारा आहे."

"मग त्यालाच पाठवा."

मी गेलो. जुन्या फ्रीझरच्या खोलीत तीच कुबट थंडी होती. मी रंग सांगत गेलो, ती लिहून घेत गेली. लाल एबोलोवा, गुलाबी बेर्तुआ, नारिंगी इथलाच नदीकाठचा दवाखाना, जांभळा श्चांग. जांभळा मी जरा हळू सांगितला. श्चांग ओनोरिनचं माहेर. तिथल्या गरोदर बायकांच्या रक्ताच्या नळ्या ती स्वतः भरायला जायची आणि गाडी मी चालवायचो.

अस्माऊचं काम काय ते तिने मला पहिल्याच दिवशी समजावलं. शिकलेली माणसं बहुतेक वंशावळीचं झाड काढून दाखवतात. तिने आधी झाड काढलं, माझा चेहरा पाहिला आणि कागद उलटा केला.

"पापा, जंगलरस्त्यावरच्या टॅक्स्या बघितल्यात ना? एका गाडीचं तोंड, दुसरीचं बूड, मध्ये वेल्डिंग?"

"बघितल्यात? चालवल्यात."

"तसंच हे. एचआयव्हीची घराणी आहेत बरीच. जगात इतरत्र एखाददुसरं सापडतं, आपल्याकडे जवळपास सगळी नांदतात. एकाच माणसाच्या अंगात दोन घराणी शिरली की विषाणू स्वतःची नक्कल करताना अर्ध्यातून एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. पुढचं तोंड याचं, मागचं बूड त्याचं. अशी गाडी एकदा चालायला लागली की पुढे शंभर जणांकडे जाते."

"आणि तुम्ही काय शोधता?"

"गॅरेज. ही गाडी कोणत्या गॅरेजात जोडली आणि कधी."

मला हे लगेच पटलं. वेल्डिंग बघून गॅरेज ओळखता येतं. म्बाल्मायोचा लोहार टाका जाड मारायचा, ओबालाचा तिरका. दोन गाड्यांना अगदी त्याच त्या चार ठिकाणी टाके असतील तर त्या एकाच हातातल्या. आणि साल कसं काढतात, तर म्हणे खरचटण्यावरून. विषाणू दर नकलेत थोडा चुकतो, त्या चुका साठत जातात. जितके ओरखडे जास्त तितकी गाडी जास्त फिरलेली.

"तर ऐका," ती म्हणाली. डोळे चमकत होते. "एक घराणं आहे, चार टाक्यांचं. सगळे समजतात की ते किनाऱ्यावर जोडलं गेलं, नव्वदच्या दशकाच्या मध्यात. आणि मला ते तुमच्या जांभळ्या खोक्यात सापडलंय. अठ्ठ्याऐंशी सालच्या नळीत. सगळ्यांत कमी ओरखडे. म्हणजे गॅरेज वर डोंगरात, श्चांगला आहे आणि समजतात त्याहून सात-आठ वर्षं जुनं."

"ओनोरिनच्या नळीत?"

"ओनोरिनच्या नळीत. लेखावर तिचं नाव घालणार आहे मी. लेखकांमध्ये, आभारात नाही."

मी घरी चालत आलो. आमच्याकडून प्रयोगशाळा तीन किलोमीटर आहे आणि मोटारसायकलवाले वाटभर हॉर्न मारून विचारत होते, येता का म्हणून. मी आपला चालत होतो. ओनोरिनने बत्तीस वर्षं नळ्या भरल्या. त्या नळ्यांवर लेख झाले, माणसं मोठी झाली, परदेशी गेली. तिचं नाव कुठेही छापलं गेलं नाही. ती कधी बोलली नाही तसं. एकदाच, निवृत्तीच्या जेवणात, साहेबांनी भाषणात तिचं नाव घेतलं तेही चुकीचं, ऑनोराता म्हणून. घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कार, ऑनोराता." पोट धरून हसली.

नोव्हेंबरमध्ये अस्माऊने पुन्हा बोलावलं. या वेळी भरभर बोलत नव्हती.

लेख तपासायला परदेशी गेला होता. तपासणाऱ्याचं उत्तर आलं होतं. तिने ते मला वाचून दाखवलं नाही, मतलब सांगितला. लेखासोबत नळीचा फोटो गेला होता आणि त्या माणसाने झाकण नीट बघितलं होतं. झाकणावर जांभळे ठिपके दोन. फोटोतल्या शेजारच्या नळ्यांवर एकेक.

"तो म्हणतो, दोन ठिपके म्हणजे दोन बायकांचं रक्त एका नळीत मिसळलेलं असू शकेल. तसं असेल तर दोन घराणी शेजारी शेजारी पोहत असणार, आणि आमचं यंत्र नकला काढताना स्वतःच टाका मारून टाकतं. मग ही गाडी डोंगरात जोडलेली नाही. इथे, माझ्या टेबलावर जोडलेली."

"ओनोरिन असं करणार नाही."

"पापा." तिने एक जुनी वही पुढे सरकवली. ओनोरिनचं अक्षर, पुढे झुकलेलं, घाईचं. मार्च अठ्ठ्याऐंशी. चाचणीचे संच संपत आले आहेत, आजपासून दोघींचे नमुने एकत्र करून तपासावे.

मी वही मिटली.

"चूक नव्हती ती," अस्माऊ म्हणाली. "तेव्हा सगळीकडे करायचे. दोघींचं मिळून स्वच्छ निघालं तर एक संच वाचला. फक्त मिसळलेली नळी नंतर फेकून द्यायची. ती ठेवली गेली असेल तर..."

"तर?"

"दोन ठिपक्यांच्या नऊ नळ्या आहेत. त्या मिसळलेल्या असतील तर कोणती ठेवली, कोणती फेकली, कशाचाच भरवसा नाही. चौदाही खोकी बाजूला ठेवावी लागतील. आणि लेखातून ती नळी गेली की..." ती थांबली.

"ओनोरिनचं नावही गेलं."

"तो एकच मार्ग देतो. त्याच बाईचा दुसरा नमुना दाखवा, वेगळ्या दिवशी घेतलेला. मी सगळं शोधलं. नळीचा आकडा घेऊन कुलपातली नोंदवहीही काढली. त्या नावाची, वय आणि मोहल्ला जुळणारी दुसरी नोंद नाही. जानेवारीच्या अखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय. दोन ठिपके म्हणजे काय, आठवतं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं.

खरंच आठवत नव्हतं. पण एक आठवत होतं आणि ते मी तिला सांगितलं नाही. मी ओनोरिनला मिसळताना पाहिलं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर, एका नळीतून थोडं, दुसरीतून थोडं, जीभ दातांत धरून. मी दारात उभा राहून म्हटलं होतं, काय, सार करतेस? तिने हात न हलवता मला शिवी दिली होती.

डिसेंबरात श्चांगला तिचं मरणकार्य होतं. आम्ही बेती लोक माणूस पुरतो, नऊ दिवस रडतो आणि मोकळे होतो. तिच्याकडे, बामिलेके लोकांत, पुरणं वेगळं आणि कार्य वेगळं. कार्य वर्षाने, दोन वर्षांनी, कोरड्या हंगामात, सगळी माणसं जमली की. त्यात रडायचं नसतं. नाचायचं, जेवायचं, गेलेल्याचा फोटो छातीशी धरून अंगणात फेऱ्या मारायच्या. लग्न झालं तेव्हा मला हे अजिबात पटलं नव्हतं. ओनोरिन म्हणाली होती, "तुझ्या कार्याला मी नाचणार आहे, आत्ताच सांगून ठेवते."

तिची थोरली बहीण फेलिसिते फाटकातच उभी होती. वय पंचाहत्तर, आवाज पंचविशीचा.

"आले! याउंदेचे जावई आले! जेवणाचा वास पोचला वाटतं तिथवर."

"ताई, वास नाही, तुमचा आवाज पोचला."

"बारीक झालात. कोण रांधतं?"

"मीच."

"म्हणूनच."

तिने मला फोटो दिला. ओनोरिन, निळ्या कापडात, डावीकडे कोणाकडे तरी बघून काहीतरी बोलतेय. फोटोग्राफरला तिने कधी तोंड मिटू दिलं नाही. मी दोन फेऱ्या मारल्या. नाचणं म्हणजे पाय उचलून ठेवणं एवढंच केलं. पोरं मागून म्हणाली, जावई चिखलातून चाललाय. तिसऱ्या फेरीला माझे पाय थांबले. फेलिसितेने बघितलं, फोटो काढून घेतला आणि माझ्या हातात आवोकाडोंची पाटी दिली.

"हे करा. पाहुण्यांना वाटा. नाचापेक्षा बरं जमेल."

ते मला जमलं. बकऱ्याचं मांस घालून शिजवलेली केळी मोठ्या पातेल्यातून चुलीवरून उतरत होती, माणसं बाकांवर बसली होती, आणि मी प्रत्येकाच्या हातावर एकेक आवोकाडो ठेवत चाललो होतो. एका बाकावर एक तरुण बाई होती. एक मूल मांडीवर, एक पाठीला बांधलेलं. मी तिच्याही हातावर एक ठेवला आणि पुढे झालो.

"जावई!"

फेलिसिते अंगणाच्या त्या टोकावरून आली. सगळे बघायला लागले.

"मान्यीला एक? एकच?"

"कुणाला?"

"ही मान्यी आहे ना! जुळ्यांची आई. हिला कधी एक देतात? एक दिलं तर एका पोराला दिलं आणि दुसऱ्याचा अपमान केला. पस्तीस वर्षं आमच्या घरचा जावई आहे हा, आणि अजून..." ती बाईकडे वळली. "मनावर घेऊ नकोस गं, मान्यी. ते बेती आहेत. त्यांच्याकडे फक्त खाणं शिकवतात, वाढणं नाही."

बाई हसली. मी दुसरा आवोकाडो ठेवला. आणि हात तिथेच राहिला माझा, कारण हे बोलणं मी आधी ऐकलं होतं. शब्द न् शब्द, वेगळ्या आवाजात.

श्चांगच्या खालच्या वळणावर. लाल धूळ, आमची पिकअप, मागे बर्फाच्या पेट्या. दवाखान्यातून निघालो तेव्हा एक बाई दोन तान्ही पोरं घेऊन रस्त्याने उतरत होती. ओनोरिनने गाडी थांबवायला लावली. बाई पुढे बसली, मध्ये ओनोरिन, तिच्या मांडीवर एक पोर. पोराने माझ्या गिअरच्या दांड्यावर पाय आपटले सगळी वाट. पावाच्या टपरीशी मी उतरलो आणि त्या बाईसाठी एक लांब पाव घेऊन आलो, जरा छाप पाडायला, कारण तोवर आमचं काही ठरलं नव्हतं. ओनोरिन म्हणाली, "एक पाव? मान्यीला एक पाव? जा, दुसरा आण." मी कुरकुरत दुसरा आणला.

आणि पुढे जाताना मी विचारलं होतं, हे कसलं नाव, मान्यी? सकाळी नोंदवहीत पण तेच लिहिलंस. ओनोरिन म्हणाली होती, तेच नाव तिचं. आता तेच.

मी पाटी बाकावर ठेवली.

"ताई, बाई मान्यी झाली की तिचं आधीचं नाव कुठे जातं?"

"कुठे जायचंय? घरात असतं. पण हाक मारत नाहीत. या हिला चार वर्षांपूर्वी काय म्हणायचे ते मलाच आठवत नाही. काय गं, काय होतं तुझं?"

"सिदोनी," बाई म्हणाली.

"हां, सिदोनी. बघा. गेली सिदोनी."

"आणि कुणी सरकारी माणसाने विचारलं तर?"

"मान्यीच सांगणार. उगाच का दोन पोरं काढलीत?"

सगळे हसले. मी फेलिसितेला म्हटलं, मला फोन करायचाय. ती म्हणाली, जेवून करा. मी म्हटलं, ताई, ओनोरिनचं काम आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं, त्या कोपऱ्यात येतं म्हणे नेटवर्क.

अस्माऊने दुसऱ्या रिंगला उचलला. मागे माझ्याकडे ढोल वाजत होते, मला ओरडून बोलावं लागलं.

"डॉक्टर, त्या नळीच्या आकड्यापुढे नोंदवहीत नाव काय आहे?"

"नाव फोनवर सांगता येत नाही, पापा. नियम आहे."

"मग मी सांगतो, तुम्ही गप्प बसा. मान्यी."

ती गप्प बसली.

"आता बाकीच्या आठ दोन ठिपकेवाल्या बघा. त्या आठही मान्यी असतील. आडनाव नाही ते. जुळ्यांची आई. दोन ठिपके म्हणजे दोन बायका नव्हेत, दोन पोरं."

मग ती म्हणाली, "मला वाटलं होतं, त्या गावात मान्यी घराण्यातल्या बायका फार."

"तुमच्या मारुआला जुळी होत नाहीत काय?"

"होतात. पण नाव आईचं बदलत नाही."

"आणि ऐका. ओनोरिन गरोदर बायकांचं रक्त घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा घ्यायची. ही बाई आधी आली असेल तेव्हा मान्यी नव्हती. पोट होतं आणि दुसरं नाव होतं. ती नळी एका ठिपक्याची आहे. तुमच्याच खोक्यात."

मी याउंदेला परतलो तेव्हा तिने नोंदवही उघडून ठेवली होती. आठही नोंदी मान्यीच्याच निघाल्या होत्या. नावांवर कागदाची पट्टी होती, मला फक्त बाकीचे रकाने दिसत होते. मोहल्ला, वय, आधीची बाळंतपणं. आमच्या मान्यीचा मोहल्ला खालच्या वळणाचा, वय तेवीस, आधीची दोन. त्याच्या पाचसहा महिने आधी, तोच मोहल्ला, तेवीस किंवा बावीस, आधीचं एक किंवा दोन, पोट मोठं. अशा तीन बायका सापडल्या.

अस्माऊ नळ्या काढायला उठली. तेव्हा मी म्हटलं, "थांबा जरा. तुम्हाला एक सांगितलं नव्हतं."

आणि मिसळण्याचं सांगितलं. खिडकी, टेबल, सार, शिवी. सांगताना मी वहीकडे बघत होतो. मला वाटत होतं, जिने बत्तीस वर्षं कोणाचं वाईट केलं नाही तिच्याविरुद्ध मी साक्ष देतोय. पण अस्माऊ खरं शोधतेय, आणि ओनोरिननेच मला म्हटलं असतं, गप्प का बसलास, मूर्खा.

अस्माऊने शांतपणे ऐकलं. "आणि मिसळून झालं की ती नळीला काय करायची? नीट आठवा."

"काय करणार? झाकण लावलं, ठिपका दिला."

"कुठला ठिपका?"

बाटली माझ्याच हातातून गेली होती. दर वेळी एक, कधीच विसरायची नाही म्हणून ती बजावायची. चंदेरी कोणत्या दवाखान्याचा, हे मी इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं.

"चंदेरी," मी म्हटलं. "मिसळलेलीला चंदेरी."

"पापा, चौदा खोक्यांत चंदेरी ठिपक्याची एकही नळी नाही. मी एकेक मोजलीय."

"नसणारच. फेकून द्यायची ना ती."

अस्माऊ खुर्चीवर बसली, स्कार्फचं टोक तोंडावर धरलं आणि हसायला लागली. मीही हसलो. फ्रीझरच्या खोलीत हसलं की वाफ येते.

पण तपासणाऱ्याला आमची वाफ पाठवता येणार नव्हती. त्याला दुसरी नळी हवी होती. पहिल्या बाईची नळी काढली, ती तळापर्यंत सुकलेली. झाकणाला बारीक चीर. दुसरीचं रक्त निरोगी निघालं, तिला हा आजारच नव्हता. बरं वाटलं मला, पण आता एकच उरली. तिसरीत रक्तातलं पाणी जेमतेम नखाएवढं होतं.

"हे संपलं की संपलं," अस्माऊ म्हणाली. "दुसरा प्रयत्न नाही."

"करा."

तीन आठवडे लागले. मी त्या दिवसांत घर झाडलं. ओनोरिनचं कपाट उघडलं, कापडं उन्हात घातली, पुन्हा आत ठेवली. बटाटे सोलायला गेलो आणि दोघांचे सोलले. एका डब्यात तिच्या जुन्या बाटल्या निघाल्या, सगळ्या सुकून खडा झालेल्या. चंदेरी सगळ्यांत जास्त रिकामी होती. तीच बाटली मी अस्माऊला दाखवायला घेऊन जाणार होतो, पण कशाला, म्हणून ठेवून दिली. खिशात.

जानेवारीच्या तेवीस तारखेला तिचा फोन आला. "या," एवढंच.

तिच्या टेबलावर दोन लांब कागदी पट्ट्या होत्या, एकीखाली एक. दोन्हींवर दोन रंग, तोंडाचा एक आणि बुडाचा एक. ती मला समजावायला लागली, पण मला गरज नव्हती. ड्रायव्हर आहे मी. टाके चार होते, वरच्या पट्टीत जिथे तिथेच खालच्या पट्टीत. एकच हात, एकच गॅरेज.

"आणि बाळंतपणाआधीच्या नळीवर ओरखडे जरा कमी आहेत," ती म्हणाली. "पाच महिन्यांनी कमी. असायला हवेत तसेच."

"म्हणजे तीच बाई."

"तीच बाई."

मला गिअरच्या दांड्यावर आपटणारे पाय आठवले. ती पोरं आता छत्तीस वर्षांची असतील. असतील तर. तेव्हा औषध नव्हतं. मी अस्माऊला विचारलं, पुढे काय झालं तिचं, कळतं का कुठे? ती म्हणाली, वहीत नाही, आणि वहीबाहेर शोधायची आपल्याला परवानगी नाही. मी म्हटलं, बरं. दोन पाव तरी मिळाले होते तिला त्या दिवशी.

उत्तर गेलं. मार्चमध्ये लेख स्वीकारला गेला. अस्माऊने मला पान छापून दिलं. लेखकांच्या रांगेत चौथं नाव ओनोरिनचं, अक्षरं सगळी बरोबर, आणि पुढे एक बारीक क्रूस. तो कशाला, मी विचारलं. हयात नसलेल्या लेखकाला लावतात, ती म्हणाली. मी ते पान फेलिसितेला पाठवलं. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण तिने ते काचेत लावलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आमच्या जावयांना आवोकाडो वाटता येत नव्हता म्हणून हे झालं.

चौदाही खोकी राहिली. फक्त झाकणं जुनी झाली होती, त्या सुकलेल्या नळीसारख्या आणखीही कितीकांना चिरा पडल्या होत्या. सगळी बदलायचं ठरलं. अस्माऊ म्हणाली, आता यंत्राने छापलेल्या चिठ्ठ्या येतात, गळत नाहीत. मग थोडं थांबून म्हणाली, पण ठिपकेही तसेच द्यायला हवेत, नाहीतर जुन्या वह्या कोण वाचणार. तुम्हाला वेळ आहे का, पापा?

वेळ होता.

परवा मोकोलोला गेलो. जुन्या बायका आता नाहीत, त्यांच्या मुली बसतात. मी लाल घेतली, गुलाबी, नारिंगी, जांभळ्या दोन. चंदेरी लागणार नव्हती, तरी एक घेतली. मुलीने बाटल्या कागदात गुंडाळल्या आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं.

"पापा, बायका तरी किती आहेत तुम्हाला?"

"एकच," मी म्हटलं. "पण तिला काम फार आहे."